दारू पिऊन गाडी : कोर्टात भरतो ती पावती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीप अमावास्येच्या, म्हणजे आपण जिची गटारी करून टाकली आहे त्या रात्रीच्या नाकाबंदीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. अशा बातम्यांत मथळ्याला तळीराम हमखास असतो, किती जणांवर कारवाई झाली तो आकडा असतो आणि बातमी तिथेच संपते. त्या आकड्यातल्या माणसांचे पुढे कोर्टात काय होते, हे मात्र कधी छापून येत नाही. न्यायदंडाधिकारी न्यायालयाच्या कार्यालयात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. तिथे जे पाहिले, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नाताळ आणि ३१ डिसेंबर उलटला की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कोर्टाचा व्हरांडा तरुण मुलांनी भरून जायचा. एका वर्षी विशी-बाविशीतला एक मुलगा हातात पोलिसांनी दिलेला कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "काका, पावती कुठं फाडायची?" त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातला एक एजंट उभा होता. वकील नव्हे, एजंट. काखेत प्लॅस्टिकची फाइल आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं. तो मुलाला समजावत होता, "साहेबांनी विचारलं की नुसतं हो म्हणायचं, पाच मिनिटांचं काम आहे." पुकारा झाला, मुलगा आत गेला, हो म्हणाला, दंड भरून बाहेर आला आणि हसतहसत कोणाला तरी फोन लावत जिना उतरला. आपण आत्ताच एका फौजदारी खटल्यात दोषी ठरलो आहोत, याचा त्याला पत्ताही नव्हता.

सिग्नल तोडल्याचा दंड आणि हा दंड लोकांना एकच वाटतो, तिथेच सगळी गफलत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा, गुन्हा रस्त्यावर चलन भरून मिटत नाही, कारण तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाहीच. त्यासाठी न्यायालयातच जावे लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की हा गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांपर्यंतच होता. त्या मुलाने भरला तो त्याच काळातला. शिवाय पोलिसांनी जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवलेला परवाना, चालकाचे म्हणणे ऐकून, पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतो आणि दुसऱ्या वेळी थेट रद्द करता येतो. नोकरदाराला या तीन महिन्यांत रिक्षाचा खर्च पडेल, पण जो स्वतःच रिक्षा किंवा टेम्पो चालवतो त्याच्या घरची चूल विझते.

अपघात झाला असेल तर प्रकरण वेगळ्याच पायरीवर जाते. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची कैद उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. विम्याचेही तसेच आहे. चालक प्यायलेला होता हे सिद्ध झाले की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि त्यासाठी श्वास किंवा रक्ताचा अहवाल असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे.

तो मुलगा तीन वर्षांनी पुन्हा आला. या वेळी निकालाच्या नकलेचा, म्हणजे प्रतीचा, अर्ज घेऊन, आणि सोबत वडील होते. सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती. नेमणुकीपूर्वी स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिले होते आणि चारित्र्य पडताळणीत ही नोंद निघाली होती. तो खोटे बोलला असे मला आजही वाटत नाही. आपण पावती फाडली, एवढेच त्याला ठाऊक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटले आहे की, किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली गेली असेल तर नियोक्ता ती चूक माफ करू शकतो. पण करीलच असे नाही. वडिलांनी मला विचारले, "आता अपील करता येईल का?" गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच अपील उरते. गुन्हा घडलाच नाही, असे म्हणायची वाट त्या एका 'हो'ने बंद केलेली असते. हे त्यांना सांगताना मला फार अवघड गेले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, न्यायाधीशांपुढे तोंड उघडण्याआधी वकिलाला भेटावे. प्यायलेल्यांना सोडवण्यासाठी वकील कशाला, असे काही वाचक विचारतील, आणि ज्यांच्या घरातला माणूस अशा गाडीखाली गेला आहे त्यांना तो विचारण्याचा हक्कही आहे. पण चांगला वकील आधी कागद पाहतो. श्वासयंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर वेळ कोणती आहे, यंत्राची तपासणी केव्हा झाली होती, अटक केली असेल तर कायद्याप्रमाणे दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्यानेच पुसली नाही ना, बाटलीचे सील शाबूत होते का, हे तो तपासतो. तोंडाला वास येत होता आणि चाल अडखळत होती, एवढ्यावर मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सांगून ठेवले आहे. रक्ताच्या नमुन्याला किती महत्त्व असते, हे कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलेच आहे. कागद पक्के असतील तर तोच वकील "कबूल करा" असाही सल्ला देतो, पण तेव्हा अशील काय कबूल करतो आहे हे जाणून कबूल करतो.

वकील शोधताना नात्यातला दिवाणी वकील किंवा दस्त नोंदवून देणारा ओळखीचा माणूस धरू नये. त्याच न्यायालयात रोज फौजदारी कामे चालवणारा गाठावा. दोन-तीन दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसले तरी कोण तयारी करून येतो आणि कोण नुसत्या तारखा घेतो, हे ध्यानात येते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, सनद क्रमांक पाहावा आणि फी किती व कशाकशाची, हे कागदावर घ्यावे. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, जाहिरात करून पक्षकार मिळवायलाही मनाई आहे. तेव्हा "हमखास सोडवतो" म्हणणारा आणि "वर द्यावे लागतात" असे कुजबुजणारा, दोघांपासूनही लांब राहावे. ज्याला फी परवडत नाही त्याने जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अटकेत असलेला कोणीही यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. आमच्या व्हरांड्यात ते कार्यालय एजंटच्या उभे राहण्याच्या जागेपासून वीस पावलांवर होते, आणि तिथे जाणारा मुलगा मी क्वचितच पाहिला.

पुढच्या नाकाबंदीची बातमी देताना आकड्याखाली दोन ओळी वाढवाव्यात, एवढी विनंती आहे : हा गुन्हा चलनावर मिटत नाही, आणि मोफत वकिलासाठी क्रमांक १५१०० आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा