आजोबांचं ते पान

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. पिवळा पडलेला स्टँपपेपर, खाली जांभळ्या शाईत पसरलेला अंगठा आणि शेजारी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात 'निशाणी डावा अंगठा'. तुझ्या आजोबांनी दिलेल्या ८० रुपयांच्या कर्जापोटी नदीकाठचा तो तुकडा आपल्याकडे आला, तो असा. घराण्याच्या इतिहासात हे पान घालू की वगळू, असं तू विचारतेस. तुझे बाबा म्हणतात, गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत. मला तसं वाटत नाही, म्हणून वेगळं लिहितेय.

मी इतिहास शिकवत होते तेव्हा जुआनिटा ब्रुक्स या बाईंबद्दल वाचलं होतं. जन्म १८९८चा, अमेरिकेतल्या नेवाडातल्या बंकरव्हिल या लहानशा गावात. तिचे आजोबा डडली लेविट हे त्या वाळवंटात वस्ती करणाऱ्या पहिल्या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, लोकांपैकी. त्यामुळे वाडवडिलांच्या कष्टांच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. तरुण वयात शिक्षिका असताना नेफी जॉन्सन नावाच्या एका वृद्धाने तिला सांगितलं, माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते जिभेवर कधी आलं नाही, मरण्याआधी ते तू लिहून घे. तिने 'येईन' म्हटलं आणि ते राहून गेलं. १९१९मध्ये ती पोचली तेव्हा म्हातारा अंथरुणावर होता, शुद्धीवर नव्हता. मध्येच डोळे उघडून तो 'रक्त! रक्त!' असं ओरडला. तो काय सांगणार होता ते त्याच्याबरोबर गेलं.

मग तिला कळलं, तो माउंटन मेडोजला होता. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटामधल्या त्या कुरणात, मुख्यतः आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली गेली. पांढरं निशाण दाखवून, सुखरूप पोचवतो असं सांगून त्यांना हत्यारं खाली ठेवायला लावली होती. वाचली ती फक्त १७ लहान मुलं. मारणारे मॉर्मन शिबंदीतले लोक होते, सोबत काही पायूट आदिवासी. पुढे दोष ढकलला गेला तो पायूटांवर आणि जॉन ली या एकाच माणसावर. १८७७मध्ये त्याला त्याच जागी गोळ्या घातल्या. जुआनिटाच्या आजोबांचं नावही त्या प्रसंगाशी जोडलेलं होतं.

पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच काळात गेला, पदरात तान्हा मुलगा. दुसऱ्या लग्नानंतर सावत्र आणि स्वतःची मिळून मोठं खटलं. १९३०च्या दशकात तिने जुन्या वसाहतकऱ्यांच्या रोजनिश्या घरोघरी जाऊन मिळवल्या, टंकलिखित करवून घेतल्या. माझ्या मनात घर करून राहिलंय ते हे, की शेजारीण आली की ती टाइपरायटरवर इस्त्रीचे कपडे टाकून तो झाकायची. बाईने घर सोडून लिहीत बसावं, हे लोकांना रुचणारं नव्हतं. ते वाचलं तेव्हा मला माझी उत्तरपत्रिकांखाली दडवलेली वही आठवली होती.

१९५०मध्ये तिचं पुस्तक आलं. ली एकटा दोषी नव्हता, स्थानिक पुढाऱ्यांनी हे ठरवलं होतं, आणि सरकारी फौज चालून येतेय या भीतीने माणसं पेटली होती, असं तिने कागदपत्रांनिशी मांडलं. आपल्याच माणसांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तरी तिने धर्म सोडला नाही. आपल्या चर्चला सत्यापेक्षा कमी काही शोभणार नाही, असं ती मानत होती. आजोबांचं चरित्रही तिनेच लिहिलं होतं, आणि जिव्हाळ्याने.

राणी, मला इथेच आधार मिळतो. तुझ्या आजोबांनी माझी बी.एड.ची फी भरली. 'सून शिकली तर घर शिकेल' म्हणणारा तो माणूस मी पाहिलाय, आणि त्यांच्याविषयी वाईट शब्द मला अजून ऐकवत नाही. पण ज्या हाताने फी दिली त्याच हाताने हे गहाणखत करून घेतलं. दोन्ही लिही. विहीर खणली, शाळेला जागा दिली हेही लिही, आणि त्याच वर्षांत कुणाची जमीन गेली तेही. ज्याचा अंगठा आहे त्याचं नाव कागदावर आहे. ते नाव आपल्या घरात कुणी कधी उच्चारलेलं मला आठवत नाही.

बाबांशी मी बोलेन. ते रागावतील, चार दिवस गप्प बसतील. तू वाद घालू नकोस.

एक मात्र ऐक. परवा आत्याआजींना तो फोटो दाखवला. विड्याचं पान लावता लावता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "याची बायको आपल्या अंगणात दोन दिवस बसून होती. पाणीसुद्धा घेतलं नाही तिने." मी पुढे विचारलं तर, "राणी आली की तिलाच सांगते." ९१ वर्षं झाली आता त्यांना. गेल्या महिन्यात दोनदा ताप येऊन गेला. तू दिवाळीला येणार म्हणतेस, ते नको. या शनिवारच्या एस.टी.नेच ये. आणि येताना वही आण, फोनसमोर त्या बोलत नाहीत.

तुझी,
आई