मृत्युपत्रातली एक ओळ

महोदय,
लंडनच्या जुन्या व्यापारी श्रेणींच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघांच्या, दानशूरपणाचे कौतुक होते, पण त्यामागची खरी यंत्रणा मृत्युपत्रात असते. कापड व्यापाऱ्यांच्या ‘ड्रेपर्स कंपनी’ला राजसनद मिळाली १३६४ मध्ये. १७२८ मध्ये फ्रान्सिस बँक्रॉफ्ट यांनी मृत्युपत्राने आपली मालमत्ता शाळा आणि वृद्धाश्रमासाठी तिच्या हवाली केली. १७३७ मध्ये माइल एंडला सुरू झालेली ती शाळा १८८९ मध्ये वुडफर्डला हलली, आणि आजही चालू आहे.

घोळ होतो तो शब्दरचनेत. ‘या घराच्या भाड्यातून दरसाल दहा पौंड शाळेला’ असे लिहिले, की भाडे शंभरपट वाढले तरी शाळेच्या हाती दहाच पौंड. उरलेले बहुधा श्रेणीच्या तिजोरीत. पूर्ण उत्पन्न शाळेच्या नावे असेल तर मात्र वाढही तिचीच. ट्रस्टचा आणि श्रेणीचा स्वतःचा पैसा वेगळा कसा ओळखायचा, हा वाद इतका पेटला की १८८० मध्ये शाही आयोग नेमावा लागला.

या श्रेणींचे लष्कराशीही नाते असते, पण ते साधे आहे. ड्रेपर्सचा स्नेह वेल्श गार्ड्स या ब्रिटिश पलटणीशी. अशा नात्यात शस्त्रखरेदी नसते. बक्षिसे, मेजवान्या, सैनिक-कुटुंबांना मदत एवढेच.

आपल्याकडे शाळेला जमीन देणाऱ्यांनी दानपत्रात रकमेऐवजी उत्पन्नाचा हिस्सा लिहावा.

– एक वाचक