वंशावळीच्या तक्त्यात चुकीचे आई-वडील

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वंशावळीचा तक्ता दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

नातीच्या बारशासाठी मी आपल्याकडे दोन्ही घराण्यांचा तक्ता करायला दिला होता. आमच्या बाजूचं काम चोख आहे. तक्रार जावयांच्या बाजूची आहे. ते जॉन हाउलंड यांचे वंशज. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून जी मंडळी इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्लिमथला आली, त्यांतले हे एक.

हाउलंड यांच्या पत्नीचे, एलिझाबेथचे, वडील म्हणून आपण प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांचं नाव घातलंत आणि पुराव्यादाखल ‘थडग्यावरचा लेख’ असं लिहिलंत. तो लेख हाउलंड यांच्या थडग्यावर वंशजांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या दगडावरचा होता. म्हणजे नवरा जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाल्यावरचा! पुढे कार्व्हर यांच्यानंतरचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित लंडनच्या बिशपांच्या फुलम इथल्या ग्रंथालयात सापडलं. 1856 साली ते छापलं गेलं आणि एलिझाबेथ ही जॉन टिली यांची मुलगी हे स्पष्ट झालं. 1897 साली प्लिमथच्या बरियल हिल या दफनभूमीत नवा दगड बसला, त्यावर टिली हेच नाव आहे. गेल्या वर्षी मी लेकीबरोबर तिथे गेले होते. भर दुपारी नीट लागेना, म्हणून ऊन तिरपं होईपर्यंत थांबलो. मग एकेक अक्षर वाचता आलं.

दुसरं, तक्त्यात जॉन हाउलंड दोन झाले आहेत, एक 1672 साली वारलेले, दुसरे 1673 साली. माणूस एकच आहे. तेव्हा इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 23 फेब्रुवारीच्या नोंदीत साल 1672/73 असं लिहितात, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने 1672 आणि आताच्या हिशेबाने 1673. हे काम पैसे घेऊन करणाऱ्यांना एवढं माहीत असायलाच हवं.

पण मला लागलं ते टिलींचं. एलिझाबेथचा बाप्तिस्मा 1607 साली इंग्लंडमध्ये, बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावी झाला. प्लिमथच्या पहिल्याच हिवाळ्यात आई-वडील गेले, काका-काकूही गेले. पोर तेरा वर्षांची. तिच्या पोटी पुढे दहा मुलं झाली, तिथूनच आमच्या नातीपर्यंत हा वंश आला. तिच्या खऱ्या आई-वडिलांचं नाव तक्त्यात कुठेच नाही.

बारसं तक्त्याविनाच उरकलं. तक्ता मी भिंतीवर लावलेला नाही, गुंडाळी कुरिअरने परत पाठवत आहे. नवीन तक्ता विनामूल्य करून द्यावा, प्रत्येक नावापुढे नोंद कुठली आणि कोणत्या सालची ते लिहावं, आणि छापण्याआधी कच्ची प्रत मला दाखवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पूर्ण रक्कम परत करावी.

आपली,
एक ग्राहक, पुणे