सिरिंजवर तीच रेघ, डोस मात्र दुप्पट: सेमाग्लुटाइडच्या बाटलीबद्दल तक्रार

एडिसन, न्यू जर्सी
दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग आणि मुख्य फार्मासिस्ट,
वजन कमी करण्याच्या औषधांची ऑनलाइन सेवा

विषय : औषधाची तीव्रता बदलूनही जुनीच युनिटसंख्या छापून पाठवल्याबद्दल, तसेच गरम अवस्थेत आलेल्या पार्सलबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

आपले माहितीपत्रक एडिसन आणि आयसेलिनमध्ये मराठीत वाटले जाते, फोनवर मराठी बोलणारे प्रतिनिधीही मिळतात. म्हणून तक्रारही मराठीत करत आहे. लेबल आणि सूचनापत्राच्या फोटोंसह इंग्रजी प्रत ई-मेलने वेगळी पाठवली आहे.

या महिन्यात आलेल्या सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वजन कमी करण्याच्या इंजेक्शनच्या, बाटलीवर ‘५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ असे छापलेले आहे. आधीच्या बाटल्या २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या होत्या. सोबतच्या सूचनापत्रात मात्र ‘आठवड्यातून एकदा २० युनिट’ ही जुनीच ओळ कायम आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस ०.५ मिलिग्रॅम आहे आणि तो बदललेला नाही. इन्सुलिनच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे २० युनिटला ०.२ मिलिलिटर. जुन्या बाटलीतून तेवढ्या द्रवात ०.५ मिलिग्रॅम औषध येत होते, नव्या बाटलीतून पूर्ण १ मिलिग्रॅम येते. सूचनापत्रात १० युनिट हवे होते. बाटलीचा आकार तोच, झाकणाचा रंग तोच, लेबलची मांडणीही तीच. बदलला तो फक्त औषधाच्या नावाखालच्या बारीक ओळीतला एक आकडा, आणि तो बदलल्याचे ना ई-मेलने कळवले, ना पार्सलमध्ये चिठ्ठी घातली.

लेबल ताडून पाहिल्यामुळे हे इंजेक्शन घेतले गेले नाही. पण आपल्या चॅटवर विचारल्यावर ‘पहिल्यासारखेच २० युनिट घ्या’ असे लेखी उत्तर आले. उत्तर देणाऱ्याने बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिले आहे, हा प्रश्नसुद्धा विचारला नाही. माझ्या मते छपाईतल्या चुकीपेक्षा हे उत्तर अधिक गंभीर आहे. कागद चुकला तर तो पकडण्याची शेवटची जागा हीच असते.

सेमाग्लुटाइडचा डोस मिलिग्रॅममध्ये ठरतो. वजनासाठी मान्यता मिळालेल्या इंजेक्शनमध्ये ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर साधारण ४ आठवडे थांबायचे असते. पोटाला औषधाची सवय व्हावी म्हणून ही सावकाश चढण ठेवलेली आहे. शरीरातले औषध निम्मे व्हायलाच जवळपास आठवडा लागतो. त्यामुळे जास्तीचा डोस गेला तर उलट्या, मळमळ आणि पोटदुखी एका रात्रीत आटोपत नाही, दिवसच्या दिवस चालते. पाणी पोटात टिकत नाही, शरीर कोरडे पडते, मूत्रपिंडांवर ताण येतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आपल्या मराठी ग्राहकांत मधुमेही किती असतील, याचा अंदाज आपल्याला असायला हवा.

हा धोका नवा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २६ जुलै २०२४ रोजी नेमका याच गोष्टीचा इशारा दिला होता. कंपाउंडिंग फार्मसीतल्या, म्हणजे औषध स्वतः तयार करून देणाऱ्या दुकानांतल्या, बाटल्यांमधून लोकांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट औषध ओढून घेतल्याच्या घटना त्यात नोंदवलेल्या आहेत. युनिट, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांतला गोंधळ हे त्यामागचे मोठे कारण. दुसरे कारण गरजेपेक्षा मोठी सिरिंज, आणि तीही आपण पाठवता. पार्सलमधल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजवर दर २ युनिटला एक रेघ आहे. आपल्या नव्या बाटलीतून सुरुवातीचा ०.२५ मिलिग्रॅमचा डोस घ्यायचा तर ५ युनिट मोजावे लागतात, आणि ती खूण या सिरिंजवर नाहीच. ४ आणि ६ च्या रेघांमध्ये नजरेने अंदाज घ्यायचा! पहिल्यांदाच सुई हातात धरणारा माणूस ५ च्या जागी ठळक छापलेल्या ५० वर थांबला, तर २.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट औषध जाईल. ०.३ मिलिलिटरच्या सिरिंजवर एकेका युनिटची रेघ असते आणि एकूण ३० युनिटच मावतात, त्यामुळे ही चूक तिथे एका दमात होऊच शकत नाही. ही सिरिंज कोणत्याही औषधदुकानात मिळते.

टिरझेपाटाइड हे वजन कमी करण्याचे दुसरे मान्यताप्राप्त औषधही बाटलीत मिळते. पण तिथे एका बाटलीत एकच डोस असतो आणि औषध २.५ मिलिग्रॅम असो की ५ मिलिग्रॅम, द्रव नेहमी ०.५ मिलिलिटरच असतो. तीव्रता बदलली तरी ओढायचे माप बदलत नाही. आपल्या पद्धतीत सगळा हिशेब ग्राहकावर आणि एका जुन्या कागदावर सोडलेला आहे.

आता पार्सलबद्दल. ते उघडले तेव्हा जेल पॅक पूर्ण वितळून कोमट झाले होते आणि बाटली हाताला गरम लागत होती. तापमान दाखवणारी पट्टी आत नव्हती. प्रतिनिधीने सांगितले की हे औषध २८ दिवस बाहेर राहिले तरी चालते. ही मुदत सेमाग्लुटाइडच्या मान्यताप्राप्त इंजेक्शन-पेनच्या माहितीपत्रातली आहे. ८ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये टोपण न काढलेले पेन २८ दिवस ठेवता येते, कारण त्या पेनमधल्या त्या विशिष्ट द्रवावर त्या कंपनीने चाचण्या केलेल्या आहेत. आपल्या बाटलीतला द्रव वेगळा, त्यात व्हिटॅमिन बी-१२ मिसळलेले. त्याच्या स्थिरतेच्या चाचण्या असतील तर दाखवाव्यात, नसतील तर दुसऱ्याच्या उत्पादनाची मुदत उसनी घेऊ नये. बी-१२ मुळे आणखी एक अडचण होते. सेमाग्लुटाइडचे मान्यताप्राप्त इंजेक्शन स्वच्छ आणि रंगहीन असते, म्हणून ते गढूळ झाले, रंग बदलला किंवा कण दिसले तर वापरू नये असे सांगता येते. बी-१२ ने द्रव गुलाबी होतो, आणि ग्राहकाच्या हातातली ही एकमेव तपासणीही निम्मी निकामी होते. उष्णतेने सेमाग्लुटाइड बिघडले तरी डोळ्यांना काही दिसेलच असे नाही, हे तर वेगळेच.

बी-१२ कशासाठी, हाही प्रश्न आहे. सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचे एफडीएने २१ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केले. तुटवड्याच्या काळात त्याची नक्कल बनवायला दिलेली सवलत चिठ्ठीवर औषध बनवणाऱ्या फार्मसींसाठी २२ एप्रिल २०२५ ला आणि मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या आउटसोर्सिंग केंद्रांसाठी २२ मे २०२५ ला संपली. त्यानंतर बाजारात उपलब्ध औषधाची जवळपास नक्कल करायची, तर त्या विशिष्ट रुग्णाला बदलाचा ठळक फायदा आहे असे डॉक्टरांनी ठरवलेले असावे लागते. माझ्या चिठ्ठीवर तशी एक ओळही नाही. शिवाय आपले माहितीपत्रक या बाटलीला ‘तेच औषध, कमी किमतीत’ म्हणते. फार्मसीत तयार केलेल्या औषधाची सुरक्षितता, परिणाम किंवा गुणवत्ता एफडीए विक्रीपूर्वी तपासत नाही, हे त्याच पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवे.

खास गरजेच्या रुग्णांसाठी औषध तयार करून देणाऱ्या फार्मसी हव्यातच. एखाद्याला मूळ औषधातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असते, तिथे त्यांच्यावाचून चालत नाही. पण २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या अशाच एका केंद्रातून बुरशीयुक्त स्टेरॉइड इंजेक्शने देशभर गेली आणि ६० हून अधिक माणसे दगावली. अशा औषधनिर्मितीवरचा २०१३ चा कायदा त्यातून आला. निर्जंतुकतेचा प्रश्न मी उगाच काढत नाही.

माहितीपत्रकातली ‘भारतात आई-बाबांसाठीही नेता येईल’ ही ओळ तर आजच काढून टाका. चिठ्ठी एका रुग्णाची असते. नेवार्क ते मुंबई प्रवासात सामानाच्या कप्प्यात औषध गोठू शकते, बाहेर तापू शकते, आणि पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांना ती बाटली कशाची हे लेबलवरून कळणारही नाही. भारतात मान्यताप्राप्त मौंजारो (टिरझेपाटाइड) मार्च २०२५ पासून आणि वेगोवी (सेमाग्लुटाइड) जून २०२५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. तिथल्या ज्येष्ठांना इथून गुलाबी पाण्याची बाटली पाठवण्याचे काहीही कारण नाही.

माझ्या मागण्या अशा. ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची बाटली ज्यांना गेली त्या प्रत्येक ग्राहकाला २४ तासांत फोन करावा. केवळ ई-मेल पुरेसा नाही, कारण पुढचा डोस कोणाचा कधी आहे हे आपल्यालाच माहीत असते. प्रत्येक लेबलवर मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट तिन्ही एका ओळीत छापावेत, उदाहरणार्थ ‘०.५ मिलिग्रॅम = ०.१ मिलिलिटर = १० युनिट’. सिरिंज ०.३ मिलिलिटरची द्यावी. सूचनापत्रात पहिली सुई टोचल्याची तारीख लिहायला जागा आणि त्यानंतर बाटली कधी टाकायची, हे असावे. विषबाधा नियंत्रण केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांकही असावा.

माझ्या बाटलीच्या लॉटचा शुद्धता, निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारे विषारी द्रव्य) चाचणीचा अहवाल, कच्चे औषध कोणत्या नोंदणीकृत कारखान्यातून आले आणि ते मूळ सेमाग्लुटाइड आहे की त्याचा सोडियम किंवा ॲसिटेट क्षार, हे लेखी कळवावे. क्षाराचे रूप मान्यताप्राप्त इंजेक्शनमध्ये वापरलेलेच नाही, त्यामुळे ‘तेच औषध’ हा दावा तिथेच कोसळतो. या महिन्याचे पूर्ण पैसे परत करावेत आणि आपोआप होणारी पुढची वसुली थांबवावी.

चिठ्ठीवर औषध बनवणाऱ्या फार्मसींना दुष्परिणाम एफडीएला कळवण्याचे केंद्रीय कायद्याने बंधन नाही. त्यामुळे हा प्रकार मी स्वतः मेडवॉचवर, म्हणजे एफडीएच्या तक्रार-नोंदणी सेवेवर, नोंदवला आहे. १० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास न्यू जर्सीच्या फार्मसी मंडळाकडे चॅटच्या प्रतीसह तक्रार जाईल. बाटली सील न तोडता, सूचनापत्रासह फ्रीजमध्ये ठेवली आहे. ती आपल्या कुरिअरकडे परत दिली जाणार नाही. मंडळाने मागितली तर त्यांच्याकडेच सोपवली जाईल.

आपली,
एक ग्राहक

सोबत : लेबल, सूचनापत्र, सिरिंज आणि जेल पॅकचे फोटो, चॅटची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी