यादीत अभंग का नाही

वेंगुर्ला,
श्रावण, ऑगस्टचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

मेल्या, फोनवर तू मला बरंच सुनावलंस. जुलैची यादी ऐकून म्हणालास, "ह्या गाण्यांना ना बूड ना शेंडा. कुठली तरी बाई पोर्तुगीजसारखं काही गाते, मग अमीर खाँ, मग आफ्रिकेतल्या तारा, मध्येच दशावतारातली पेटी. आणि भजनी घरातला तू, एवढ्या महिन्यांत एक अभंग नाही?" मी हसून विषय बदलला, कारण आई शेजारी बसून बिरड्याचे वाल सोलत होती. तिच्यासमोर बोलणं जमलं नसतं, म्हणून लिहितोय. पत्राचा फायदा असा की तुला मध्येच तोडता येत नाही.

धाकटा गेला, सुतक संपलं, माणसं आपापल्या गावी गेली. त्यानंतर एका संध्याकाळी काहीतरी लावावं म्हणून फोन घेतला, तर ऐकण्यासारखं काही उरलेलंच नाही. गाणी ढीगभर होती, पण प्रत्येकात तो आधीच जाऊन बसलेला. अभंग लावला की त्याचा पखवाज. नाट्यपद लावलं की मांडीवर ठेका धरणारा त्याचा हात. जुनी हिंदी गाणी तर सगळी त्याच्या स्कूटरवरची, वारा तोंडात घेत बेसूर म्हटलेली. गजराचं तर नावच नको. डबलबारीत, दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाचा गजर चढायला लागला की हा कसा पुढे सरकून बसायचा, तू पाहिलंयस. दुःखात गाणं आधार देतं असं जो तो सांगतो. कुठलं गाणं, ते कोणी सांगत नाही.

आणि नुसतं गाण्याचंच नव्हतं. बारीला निघण्याआधी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, "वैनी, कणीक!" पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायला गोळा हवा असायचा, आणि हिने दिलेला कधी सैल, कधी घट्ट, यावरून रोजची भांडणं. अजूनही चपात्यांची कणीक मळताना ही शेवटचा लहानसा गोळा बाजूला काढते आणि मग तो परातीत परत टाकते. मी बघितलंय. आम्ही त्याविषयी बोलत नाही.

तर मी अशी गाणी शोधायला लागलो, ज्यांची त्याच्याशी ओळखच नव्हती. तुला जी खिचडी वाटते तिचं कारण एवढंच आहे. मला जगभरातलं संगीत ऐकण्याची हौस आली नव्हती. मला मोकळी जागा हवी होती.

आधी तयार याद्यांच्या वाटेला गेलो. ॲपवर 'सॅड' नावाखाली शेकड्यांनी मिळतात. एकात एक मिसळलेले पियानो, सगळे एकाच वेगाने मुळूमुळू रडणारे. दोन दिवसांत कंटाळलो. ज्याचं माणूस गेलंय त्याला रडण्यासाठी मदत लागत नाही रे. त्याला जेवणानंतरचा तास कसा घालवायचा ते कळत नसतं.

मग ती बाई सापडली, तुझी 'पोर्तुगीजसारखं काही' गाणारी. सेझारिया एव्होरा, केप व्हर्देची. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात असलेली ती बेटं, पाऊस कमी, पोटासाठी माणसं बोटीत बसून बाहेर जायची. आपल्या चाकरमान्यांसारखीच, फक्त गणपतीला परत येता येत नसे. तिकडच्या संथ गाण्याला मोर्ना म्हणतात. सेझारियाचं सगळ्यांत गाजलेलं गाणं साओ तोमेच्या दूरच्या वाटेवर निघालेल्यांबद्दल आहे. ही बाई मिंदेलो बंदरातल्या दारूच्या गुत्त्यांत गात राहिली आणि पन्नाशीच्या आसपास जगाला ठाऊक झाली. स्टेजवर अनवाणी. कार्यक्रमाच्या मध्येच खुर्चीत बसून सिगरेट ओढायची, वाद्यवाले वाजवत राहायचे. मला हे फार आवडलं. दुःखाचं गाणं गातेय म्हणून चेहरा दुःखी ठेवायची सक्ती तिने स्वतःवर केली नाही.

नोव्हेंबरात पडवीत ती लावली होती. आई आतून आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "हिचो घोव खंय गेलो रे?" भाषेचा एक शब्द कळत नसताना! धाकटा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. त्याच रात्री ते गाणं तुला पाठवलं, आणि पुढे दर महिन्याला यादी पाठवायची ठरली.

यादीचा नियम तुझ्या लक्षात आला नसेल, कारण तू शफल लावून ऐकतोस. (तसं करू नकोस. जेवणाचं पान उलटसुलट वाढल्यासारखं होतं ते.) प्रत्येक यादी पंचेचाळीस मिनिटांची आहे, नव्वदच्या कॅसेटची एक बाजू. आपण बाजारातल्या त्या दुकानात वहीच्या कागदावर गाणी लिहून कॅसेट भरून घ्यायचो, आठवतं? शेवटचं गाणं अर्धं तुटू नये म्हणून आपण मिनिटांची बेरीज करायचो आणि दुकानदार तरीही तोडायचाच. ती बेरीज मी परत सुरू केलीय. गाणी अमर्याद मिळत असली तर दुःखही अमर्याद पसरतं. पंचेचाळीस मिनिटांनी उठून कोंबड्या झाकायला जायचं असतं.

डिसेंबरात बेगम अख्तर होती. तिची गोष्ट तुला ठाऊक नसेल तर सांगतो. १९४५ साली लग्न झालं आणि गाणं बंद. मग आई गेली आणि तिने अंथरूण धरलं. औषध म्हणून गाणंच परत द्यावं लागलं. १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओवर ती पुन्हा गायली. तिचा आवाज वरच्या सुरात जिथे चिरकतो, ते ऐकायलाच लोक थांबत. ती फट बुजवायच्या फंदात ती कधी पडली नाही.

मार्चमध्ये तुला फक्त वीसेक मिनिटांचं आलं, तक्रार केली होतीस. शिमगा होता. पालखी दारात, ढोल रात्रभर. कानांना आणखी काही घालायची गरज नव्हती.

मे महिन्याच्या यादीवर मात्र मी खूप दिवस घालवले. किशोरीताई आमोणकर माझ्यासाठी बंद होत्या, कारण त्यांचा भूप धाकटा पहाटे पखवाज पुसताना लावायचा. मग एकदा सुचलं, किशोरीताई त्याच्या, पण त्यांच्या आईला त्याने कुठे ऐकलंय? मोगूबाई कुर्डीकर माझ्या वाट्याला आल्या. आणि मोगूबाईंचं कुर्डी तर आपल्यापासून काही लांब नाही. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात ते वर येतं: घरांचे चौथरे, विहिरींचे काठ, सोमेश्वराचं देऊळ. उठवलेली माणसं त्या दिवसांत मुद्दाम येतात, आपापल्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहतात. मी गेलो होतो. भेगाळलेल्या मातीवर एक म्हातारे गृहस्थ नातवाला दाखवत होते, इथे न्हाणीघर, इथे तुळस. रडत वगैरे नव्हते. अंतर चुकलं म्हणून दोन पावलं मागे येऊन पुन्हा मोजत होते. परतताना कानाला मोगूबाई लावल्या. कणखर आवाज, लयीला पक्का, लाड नाहीत. त्या वेळी मला नेमकं तेच हवं होतं.

जूनमध्ये पत्र्याच्या पडवीवर मिरगाचा पाऊस कोसळायला लागला की हळू आवाजाचं काहीही ऐकू येत नाही, आणि लाईटचाही भरवसा नाही. म्हणून ती यादी पितळी बाजाची आणि घुमटाची, म्हणजे मडक्याच्या त्या वाद्याची. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं लावतात. जाणते म्हणतात आवाजात फरक पडला. मला कळत नाही, धाकट्याला कळला असता. बघ, आला तिथेही.

जुलैत अमीर खाँचा मारवा, १९६० ची ध्वनिमुद्रिका. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर यायला हा राग फार वेळ लावतो. दिवस मावळताना घराकडे वळलेलं माणूस दारापर्यंत येतं आणि परत फिरतं, असं सारखं वाटत राहतं. संध्याकाळी सहा-सातला बंद दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलंय मी ते. घरात ऐकण्याचा धीर झाला नाही.

त्याच्यानंतर मुद्दाम मालीतले दोघे ठेवले, अली फार्का तुरे आणि तुमानी दियाबाते. अलीची गिटार, तुमानीचा कोरा. कोरा म्हणजे मोठ्या अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं एकवीस तारांचं वाद्य. बामाकोत नायजर नदीकाठच्या हॉटेलात बसून फारशी तालीम न करता त्यांनी ते वाजवलं, २००५ मध्ये बाजारात आलं. पुढच्याच वर्षी अली गेला. दोन जाणते वाजवतायत आणि कोणालाच बारी जिंकायची नाहीये, असं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

आता तुझा अभंग. देवळात सप्ताह बसलाय. आमच्या वाडीची पाळी मध्यरात्रीनंतरची होती. मी नाव नको म्हणालो होतो, पण माणसं कमी पडली तेव्हा टाळ धरायला गेलो. पखवाजावर धाकट्याकडे शिकणारा पोरगा, अजून ओठावर मिसरूड नाही. त्याने असा काही ठेका पळवला की बुवांना शब्द तोंडात मावेनात! धाकट्याने तिथल्या तिथे कान पिरगळला असता. चूक इतकी ढळढळीत होती की अभंग कोणाचा, वाजवायचा कोण, ह्याकडे लक्षच गेलं नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडत त्या पोराला लय धरून देत होतो. दोनदा म्हटल्यावर तो सावरला. तिसऱ्या वेळी मी फोन काढून रेकॉर्ड केलं.

ऑगस्टच्या यादीत ते आहे. मध्ये कोणीतरी खोकतंय, बाहेर पाऊस आहे, आणि टाळ माझा आहे, म्हणून जरा जास्तच वाजतोय. बाकी यादीत ह्या वेळी फार काही नाही. एक खाडीपलीकडच्या गोव्याचा मांडो आणि त्याला जोडून दुलपद, संथ गाऊन झाल्यावर पाय हलवायची त्यांची रीत मला शहाणपणाची वाटते. आणि पुन्हा सेझारिया, आईची फर्माईश.

तुझ्याकडे धाकट्याच्या कुडाळच्या बारीची कॅसेट आहे, गणपतीला घेऊन येतो म्हणालास. आणू नकोस. इथल्या दमट हवेत टेपला बुरशी धरेल, आणि तसंही मला अजून ती ऐकायची नाही. तिकडेच कोणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून घे, दोन ठिकाणी ठेव. मी मागेन तेव्हा पाठव. मागितली नाही तर विचारू नकोस. तू मात्र ये, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशीच ये. गणपतीवरची माटवी बांधायला माणूस हवाय.

तुझाच,
(तुला ठाऊक आहे तो)

ता. क. सप्टेंबरची यादी तू कर. पंचेचाळीस मिनिटं, एक सेकंद जास्त नको. आणि त्यात तुझी ती पावसाची हिंदी गाणी घातलीस तर आवशीचो घो तुझ्या.