बाबांच्या हिरड्या आणि आईचं विरजण

नेरूळ,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर मी दातांचा विषय काढला की बाबा "हं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई निनादच्या परीक्षेवर घसरते. म्हणून लिहितेय. निनाद डबे परत द्यायला येईल, त्याच पिशवीत हे पत्र आहे.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. बाबांच्या हिरड्या खोलवर साफ करून घ्यायच्या तारखा मी घेतल्या आहेत. येणारा गुरुवार आणि त्याच्या पुढचा, सकाळी दहाला. निम्मं तोंड एकदा, निम्मं एकदा. तेवढे पंधरा दिवस तुम्ही दोघांनी इथे राहायचं. पैसे भरून झाले आहेत, त्यावर चर्चा नाही. विचारून ठरवायला हवं होतं, कबूल. पण दिवाळीपासून विचारतेच आहे आणि दिवाळीपासून "बघू" ऐकते आहे.

खरं तर राग माझा माझ्यावरच आहे. गणपतीत बाबा पेरू खात होते, तेव्हा चावलेल्या फोडीच्या कडेला तांबूस रेघ मी पाहिली होती. "मऊ ब्रश घ्या" एवढं म्हटलं आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. आता संक्रांतीला त्यांनी तिळाची वडी चहात बुडवून खाल्ली. बाबांनी! ओला नारळ दातांनी सोलणाऱ्या माणसाने! आई, तूही भाकरी आमटीत कुस्करून द्यायला लागली आहेस आणि मला बोलली नाहीस. तुला दोष देत नाही. माझ्याही ताटासमोरच तर चाललं होतं सगळं.

दिवाळीत माझ्या दाढेचं निमित्त करून बाबांना डॉक्टरांकडे नेलं, त्याबद्दल ते अजून रुसलेत. बारीक सळईने माप घेत डॉक्टर आकडे सांगत होत्या आणि हे खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाले, "हाउजी चाललीय का?" बाबा, ते आकडे म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली. १ ते ३ मिलिमीटर असली तर ठीक. तुमच्या बऱ्याच ठिकाणी ५, आणि मागच्या एका दाढेला ७. त्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे किटण बसतं, किटणावर जंतू बसतात आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. दुखत नाही, म्हणून तर इतके दिवस चाललं. तुम्ही म्हणता "दुखत नाहीये ना", तोच या दुखण्याचा खोडसाळपणा आहे.

आणि शुगर. तुम्हाला वाटतं दात वेगळे, शुगर वेगळी. शुगर चढती राहिली की हिरड्यांची जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूने, हिरड्यांमधली सूज रक्तातून अंगभर जाते आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. दोघं एकमेकांना फूस लावतात. हाराल्ड लो नावाच्या दंतसंशोधकांनी हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं ते १९९३ मध्ये, म्हणजे मी आठवीत होते तेव्हा! २०२२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. अशा सफाईनंतर तीन-चार महिन्यांनी मधुमेहींची तीन महिन्यांची शुगर (ती HbA1c) सरासरी साधारण ०.४ टक्क्याने उतरली होती. तुमची ८.४ आहे. ती एकदम ७ होईल असं मी म्हणत नाही. पण एवढ्यासाठी तुम्ही चहातला तो अर्धा चमचासुद्धा सोडला होता, आठवतंय?

आता खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलेली प्रोबायोटिकची गोळी. "ही घेतली की हिरड्यांचं काम झालं" हा त्यांचा मेसेज तुम्ही मला सहा वेळा पाठवलात. मी थट्टा केली, ते चुकलंच. मी डॉक्टरांना विचारलं, घरी येऊन वाचलंही. त्या गोळीत दम नाही असं नाही. लॅक्टोबॅसिलस रूटेरीसारखे चांगले जिवाणू असतात, गोळी चघळली की ते तोंडात पसरतात, वाईट जंतूंची जागा अडवतात, सूज थोडी शांत करतात. सफाईच्या जोडीला दिली तेव्हा काही चाचण्यांत रक्त येणं आणि फटीची खोली थोडी जास्त कमी झाली, काहींत फरकच पडला नाही. चाचण्याही लहान, काही आठवड्यांच्या. आणि गोळी बंद केली की ते पाहुणे फार दिवस राहत नाहीत. शुगर उतरवायला म्हणून तर तिच्यावर विसंबूच नये. पण "जोडीला" हा शब्द काकांच्या मेसेजमधून गळलाय.

आई, तुला हे बाबांपेक्षा लवकर कळेल. आदल्या दिवशीचं खरकटं वाळून बसलेल्या पातेल्यात तू विरजण लावशील? मला आठवतंय, काथ्याने घासून, वर गरम पाण्याने विसळून, उपडं घालून, मग दूध. तसंच आहे हे. आणि "रोज वाटीभर दही खातात की" असं तू म्हणालीस, तर दही हवंच, बिनसाखरेचं. पण ते गिळलं जातं, हिरडीच्या फटीत थांबत नाही, आणि त्यातले जिवाणूही वेगळे.

तेव्हा ठरलं असं: आधी सफाई, मग डॉक्टर म्हणाल्या तर गोळी. रात्री दात घासून झाल्यावर, हळूहळू चघळायची, पाण्याबरोबर गिळायची नाही, वर काही खायचं नाही. पाकिटावर साखर आहे का ते वाचायचं. आणि मी आणलेला तो जंतुनाशक माउथवॉश लगेच आधी किंवा नंतर नाही. तो चांगलं-वाईट बघत नाही, उकळत्या दुधात विरजण घातल्यासारखं होईल.

बाबा, सफाईने दात हलतात हे तुम्ही आप्पांच्या वेळेपासून धरून बसला आहात. किटण निघालं की त्याचा आधार जातो, फटी दिसतात, गार लागतं, म्हणून चार दिवस तसं वाटतं. दात हलवलेला असतो त्या किटणाखालच्या दुखण्याने. आप्पांचा तो टेबलावरचा, कवळी ठेवायचा काचेचा ग्लास मलाही आठवतो. तो ग्लास लांब राहावा म्हणूनच हे सगळं. मागच्या त्या एका दाढेचं मात्र आपण नंतर बोलू. घाई नाही.

तुम्ही मला नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात न्यायचात, आठवतं? मी डॉक्टरांचं बोट चावले आणि तुम्हीच माफी मागितलीत. मग आपला अंगठा माझ्या मुठीत दिलात, "दाब किती दाबायचा तो" म्हणून. या वेळी मी बाहेर बसणार नाहीये. अंगठा घेऊन आत येईन.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखा नाश्ता करायचा, शुगरची गोळी घ्यायची. उपाशी जायचं नाही! रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव कागदावर लिहून ठेवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. ठाण्याला पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाला चढउतार नको, मी गाडी पाठवते, बुधवारी चारला. खोली निनादची, सकाळी ऊन येतं. बाबांची उशी बरोबर घ्या, आमच्या त्यांना उंच होतात. पेपर रोज येतो. संध्याकाळी 'ज्वेल'च्या तळ्याभोवती चक्कर मारायची, तलावपाळीची सर नाही, पण बाकडी आहेत. दोन दिवस मऊ भात, मेतकूट, मुगाचं धिरडं. जास्त गरम नाही. आई, तू स्वयंपाकघरात शिरायचं नाहीस. म्हणजे शिरशीलच, पण भांडी घासायची नाहीस.

आणि एक. लग्नात तू स्टीलच्या डबीतून दिलेलं विरजण मी एकोणीस वर्षं चालवलं, ते मागच्या महिन्यात बिघडलं. आम्ही पुण्याला गेलो, फ्रीज बंद पडला. तुला सांगितलं नव्हतं. सध्या बाजारचं दही आणतोय आणि निनाद नाक मुरडतो. येताना वाटीभर आण. घट्ट झाकणाचं, उभं धरून.

तुमची,
मनू

ता. क. आई, पुढचं वाक्य तू वाचू नकोस. बाबा, गॅलरीतल्या कुंडीमागची मशेरीची डबी नेरूळला आणायची नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगायचं.