बाबा पुण्याला येताहेत, म्हणून

चि. संदीप यास,
अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी बाबा पुण्याला निघतील. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहून पाठवते.

शेजारच्या तात्यांचं तुला अर्धवटच कळलंय. आपल्या काकतीजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या मोटरसायकलचा धक्का लागून ते पडले. कोपर तेवढं खरचटलं. धोतर झटकून उठले, टपरीवर चहा घेतला, चालत घरी आले. पंधरवड्याने जेवताना हातातला घास निसटायला लागला, जीभ जड झाली. बेळगावला नेऊन स्कॅन केला, तर डोक्यात रक्त साठलेलं. ऑपरेशन झालं, आता बरे आहेत.

डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला सांगितलेलं ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, कवटीच्या आतल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या हादऱ्यानेही एखादी तुटते आणि रक्त हळूहळू साठत राहतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका जास्तच. तात्यांना ती चालू होती, आणि स्टेंट घातल्यापासून आपल्या बाबांनाही आहे. शिवाय बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. पोटात रक्तस्राव होत असला तरी नाडी शांत लागते आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस ठीक आहे. बरगडी मोडली तर दुखतं म्हणून म्हातारी माणसं खोकत नाहीत, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

तेव्हा बाबा कुठे पडले, कुणाचा धक्का लागला आणि 'मला काय झालं नाही' म्हणाले, तर ऐकू नकोस. ते असंच म्हणणार, तुला माहीत आहे. थेट दवाखान्यात ने, आणि गोळ्यांचं पहिल्यांदा सांग. पैशाकडे बघत बसू नकोस. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. घरी आणल्यावरही महिना-दीड महिना लक्ष ठेव. डोकं दुखतंय, झोप वाढलीय, चालताना झोक जातोय, बोलताना घोटाळा होतोय, असं काही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नकोस.

मागे बसवलंस तर त्यांनाही हेल्मेट घाल. रस्ता ओलांडताना त्यांचा गुडघा लवकर उचलत नाही, हात धरून ने. चारचौघांत त्यांना आवडणार नाही, तरी धर.

गोळ्यांच्या पाकिटांवर मेडिकलवाल्याने कन्नडमध्ये लिहून दिलंय. मी सगळी नावं आणि वेळा मराठीत लिहून एक चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवलीय, दुसरी यासोबत आहे. मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेव, सूनबाईंच्याही.

तुझी,
आई